शिडाच्या बोटीतून एक दिवस : पोहता न येणाऱ्या बडोदेकर जोडप्याने जावं का?

रावपुरेकरीण (धागालेखिका)

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं जन्मापासूनचे बडोद्याचे. नवरा मकरपुऱ्याला कारखान्यात, मी घरी शिकवण्या घेते. पाणी म्हणजे आम्हाला सुरसागर, आजवा आणि पावसाळ्यात विश्वामित्री. कॉलेजातला आमचा एक जवळचा मित्र मुंबईला असतो. त्याने तिघांबरोबर मिळून एक जुनी शिडाची बोट घेतली आहे, २६ फुटी. दोन वर्षं तो मागे लागलाय, की एक दिवस या, सकाळी गेटवेकडून निघू, किनाऱ्याकिनाऱ्याने खाली मांडवा, जमलं तर खांदेरीपर्यंत जाऊ आणि संध्याकाळी परत. तो, त्याची बायको, त्याचा एक भागीदार आणि आम्ही दोघं.

माझ्या शंका अशा. आम्हा दोघांनाही पोहता येत नाही. नवऱ्याला घाटात गाडी लागते, तर बोट लागेल का? आणि आमच्या हरणी तलावातल्या होडीच्या दुर्घटनेपासून सासूबाई कुठल्याही होडीचं नाव काढलं तरी गप्प होतात. त्यांना काय सांगू?

शिवाय एक गोष्ट कळली नाही. आम्ही म्हटलं, या रविवारी येतो. तर मित्र म्हणाला, नको, पुढच्याच्या पुढच्या रविवारी या, त्या दिवशी वद्य सप्तमी आहे. हा माणूस इंजिनिअर. पंचांग कधीपासून बघायला लागला?

ज्यांनी शिडाच्या बोटीतून दिवस काढलाय त्यांनी खरं काय ते सांगा. जावं का?

सेवउसळ

जा हो ताई! विचार कसला करताय. डब्यात काय नेणार तेवढं सांगा.

थळचा_नाखवा

ताई, तुमचा मित्र जाणता आहे. मी मूळचा थळचा, खांदेरीच्या समोरचा. नोकरीमुळे १९ वर्षं बडोद्यात आहे, पण आजा आणि बाप दोघेही दर्यावर. आमच्याकडे भरतीचा हिशेब तोंडी असतो : तिथीची पाऊणपट. जी तिथी असेल तिला पाऊण ने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. सप्तमी म्हणजे सव्वापाच, अष्टमी म्हणजे सहा. पहाटे सव्वापाचला भरती, साडेअकराच्या सुमारास पूर्ण ओहोटी, मग संध्याकाळी साडेपाचपर्यंत परत भरती. थोडं मागेपुढे होतं, पण अंदाज चुकत नाही.

आता नीट बघा. सकाळी तुम्ही निघाल तेव्हा ओहोटीचं पाणी खाडीतून बाहेर चाललेलं असेल, ते तुम्हाला बरोबर नेईल. दुपारी परत फिराल तेव्हा भरतीचं पाणी आत येत असेल, ते तुम्हाला घरी आणेल. वर सप्तमी-अष्टमी म्हणजे भांग. पुनवेला-अवसेला उधाण असतं, पाण्याला ओढ जास्त. भांगाला पाणी मवाळ. पाहुणे घेऊन जायला याच्याहून चांगला दिवस नाही.

रावपुरेकरीण

नाखवा, हे वाचून मी उठले आणि कालनिर्णय काढून बसले. सासूबाईंनाही वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, तिथी बघून निघतोय म्हणजे पोरगा बेफिकीर नाही. तुमच्या एका प्रतिसादाने घरातलं अर्धं काम झालं.

मकरपुरा_मेकॅनिक

मी वेगळं मत मांडतो. हौस म्हणून ठीक आहे, पण दिवसभर त्या बोटीत नक्की काय करायचं? लाँच तासाभरात मांडव्याला पोचवते. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो आहे, गाडीसकट जाता येतं. शिडाने जायला दोन-अडीच तास, वारा पडला तर किती तास याचा पत्ता नाही. बोट कलते ती वेगळीच. आणि लाइफ जॅकेट घालून सहा तास उन्हात बसणं हा त्रास आहे. जवळ असलं की पुरे.

जुना_खलाशी

मेकॅनिकभाऊ, जॅकेटबद्दल तुमचं म्हणणं मला मुळीच मान्य नाही, ते आधी सांगतो. ३१ वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, निवृत्तीनंतर अलकापुरीत राहतो. जवळ ठेवलेलं जॅकेट माणूस पडतो तेव्हा बोटीवरच राहतं. माणूस पाण्यात असतो. अंगावर घातलेलंच कामाला येतं, तेही सगळे पट्टे आवळून. सैल असलं तर पाण्यात ते कानापर्यंत वर येतं आणि माणूस खाली राहतो.

बोट कलते त्याचं ऐका. २६ फुटी बोटीच्या पठाणाखाली, म्हणजे तळाच्या कण्याखाली, शिशाचं किंवा बिडाचं मोठं वजन असतं. वारा शिडाला ढकलतो, बोट एका अंगावर जाते. ती जितकी कलते तितकं खालचं वजन तिला जोराने सरळ करायला बघतं आणि शिडातला वारा सांडून जातो. त्यामुळे अशी बोट कलली म्हणजे उलटणार असं नाही. वारा वाढला की शीड थोडं गुंडाळून लहान करायचं, एवढं तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, कळलं पाहिजे. तळ्यातल्या सपाट तळाच्या होडीची गोष्ट निराळी. तिच्यात माणसं एका बाजूला गेली की खेळ संपतो.

ताई, पोहता येत नाही म्हणून अडू नका. मित्राला एवढं मात्र विचारा, की प्रत्येकाच्या मापाचं जॅकेट आहे का, बोटीवर व्हीएचएफ रेडिओ आहे का आणि तो कुठल्या चॅनलवर ठेवतो. १६ म्हणाला तर बरोबर. तटरक्षक दलाचा मदतीचा नंबर १५५४ आहे, तो दोघांच्या फोनमध्ये घालून ठेवा.

विश्वामित्रीकाठी

मी बडोद्यातच एका शाळेत शिकवते. हरणीचा उल्लेख आला म्हणून लिहिते, नाहीतर लिहिलं नसतं.

१८ जानेवारी २०२४. सहलीला गेलेली १२ मुलं आणि २ शिक्षिका परत आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी वर्गात हजेरी घ्यायला उभी राहिले आणि नावं वाचता वाचता आवाज फुटेना. दोष कोणाचा ते कोर्टाचं काम आहे, त्यात मी जात नाही. पण होडीत माणसं जास्त होती आणि सगळ्यांच्या अंगावर जॅकेट नव्हतं, हे सगळ्या शहराला माहीत आहे. तेव्हापासून मी कुठेही पाण्यावर गेले की आधी होडीत किती जण बसायची परवानगी आहे ते विचारते आणि मोजते. लोक हसतात. हसू देत.

रावपुरेकरीण, तुमच्या सासूबाई गप्प होतात त्याचं मला नवल वाटत नाही. त्यांना खोटा धीर देऊ नका. पाच माणसं, पाच जॅकेटं, बोट एवढी, हे सरळ आकड्यांत सांगा. जॅकेट घातलेला फोटो निघतानाच पाठवा. आणि अहो मेकॅनिक, उन्हाचा त्रास होतो हे खरं आहे. तरी घाला.

मकरपुरा_मेकॅनिक

मॅडम, जॅकेटचं माझं वाक्य मी मागे घेतो. माझा पुतण्या त्याच वयाचा आहे.

लाँचबद्दलचं मत मात्र कायम आहे.

इंदूरी_पोहे

इंदूरहून नमस्कार. समुद्र आमच्याहून फारच लांब, पण शीड नाही असं समजू नका. भोपाळच्या मोठ्या तलावावर शिडाच्या होड्या शिकवतात, आमच्या मुलीने दोन उन्हाळे शिकलंय. तिचा एक सल्ला : बोटीवर शिडाच्या तळाशी एक आडवी काठी असते, बूम म्हणतात. बोट वळते तेव्हा ती या बाजूची त्या बाजूला जाते, फटकन. तांडेल ओरडला की ‘का?’ विचारू नका, आधी डोकं खाली. तिच्या मैत्रिणीला कपाळावर सहा टाके पडले होते.

दुसरं, नवरा-बायको एकाच बोटीवर असले की हुकूम कोण देणार ते किनाऱ्यावरच ठरवा. आम्ही दोघं त्या तळ्यावर एकदा गेलो, दोघांनी दोन दोऱ्या दोन बाजूंना ओढल्या आणि होडी तिथल्या तिथे गोल फिरत राहिली. मुलगी काठावर बसून पोट धरून हसत होती.

थळचा_नाखवा

पोहेसाहेब, आमच्यात म्हणतातच, एका होडीवर एकच तांडेल.

लष्करवाली

ग्वाल्हेरहून लिहितेय. थोडं विषयांतर करते, पण राहवत नाही. समुद्र लांब म्हणून आपण समुद्राचे कोणी नाही असं नका समजू. १९१९ मध्ये सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन निघाली. तिचं पहिलं जहाज ‘लॉयल्टी’ आमच्या ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलेलं होतं. ५ एप्रिल १९१९ ला ते मुंबईहून लंडनला निघालं. दर वर्षी ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतात तो त्याच प्रवासाचा. किल्ल्याच्या पायथ्याशी राहणारे आम्ही, पण त्या दिवशी मला उगीचच छाती भरून येते.

तिथीमिती

लष्करवाली, मग बडोद्याचंही ऐका. गायकवाडांचा मुलूख समुद्राला एकाहून जास्त ठिकाणी भिडत होता. ओखामंडळ बडोदे संस्थानात होतं आणि ओखा बंदर सयाजीराव महाराजांच्या काळात उभं राहिलं. खाली बिलिमोऱ्याला गायकवाडी आरमाराचा सुभा होता, ‘सुभा आरमार’ असा हुद्दाच होता. आजही मुंबईची गाडी बिलिमोऱ्याला थांबली की अर्धे लोक चिकू आठवतात. मला आरमार आठवतं.

आणि ताई, खांदेरी दिसली तर नमस्कार करा. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तिथे तटाचं काम काढलं, तेव्हा इंग्रजांनी मुंबईहून गलबतं पाठवून बेट वेढलं. मराठ्यांच्या अरुंद, वल्ह्यांच्या होड्या उथळ पाण्यातून रात्री निसटून रसद पोचवत राहिल्या. इंग्रजांच्या मोठ्या गलबतांना वारा लागायचा, आपल्यांना हात पुरायचे. शेजारची उंदेरी लगेच १६८० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने बळकावली. २०२५ मध्ये जे १२ मराठा किल्ले जागतिक वारसा यादीत आले त्यांत खांदेरी आहे.

सेवउसळ

सगळं खरं, पण डब्याचं कोणी बोलतच नाहीये.

जुना_खलाशी

सेवउसळ, डब्याचं मी सांगतो, कारण बोट लागण्याचा त्याच्याशी संबंध आहे. रिकाम्या पोटी जाऊ नये आणि ठासूनही खाऊ नये. थेपले, केळी, आल्याची वडी. तेलकट, आंबूस काही नको. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि निघायच्या आधी घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. मोबाइलमध्ये बघायचं नाही, खाली केबिनमध्ये जायचं नाही, नजर क्षितिजावर. मळमळ वाटली तर सुकाणू हातात घ्या. ज्याच्या हातात सुकाणू असतं त्याला बोट सहसा लागत नाही.

रावपुरेकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. मित्राला फोन केला. जॅकेटं सहा आहेत, रेडिओ आहे, चॅनल १६ म्हणाला (आणि विचारलं म्हणून खूश झाला). निघतोय. शनिवारी रात्रीच्या गाडीने जाऊ. आल्यावर वृत्तांत लिहीन.

विश्वामित्रीकाठी

वाट बघते. पोचल्यावर एक ओळ टाका.

रावपुरेकरीण (रविवार, रात्री)

पोचलो. दोघंही धडधाकट. हात भरून आलेत, उद्या लिहिते.

रावपुरेकरीण (मंगळवार)

आता बसून लिहिते. लांबेल, सांभाळून घ्या.

सकाळी आठच्या सुमाराला छोट्या होडीतून बोटीवर चढलो. मित्राने ‘ये, बस’ म्हणायच्या आधी जॅकेट हातात दिलं आणि स्वतः पट्टे आवळले, माझे, मग नवऱ्याचे. त्याच्या बायकोने फोटो काढून सासूबाईंना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, ‘पाच मोजले’.

गेटवेपासून थोडं बाहेर येईपर्यंत इंजिन होतं. मग शीड वर चढलं आणि त्याने इंजिन बंद केलं. बोटीच्या अंगाला घासून जाणाऱ्या पाण्याचा आवाज तेव्हा ऐकू आला, बागेला नळीने पाणी घालताना येतो ना, तसा. सकाळचा वारा जमिनीकडून येत होता, मंद. नाखवा, तुम्ही सांगितलं होतं तसंच, ओहोटीचं पाणी आम्हाला नेत होतं. उजव्या हाताला प्राँग्जचं दीपगृह लागलं. मित्र म्हणाला, १८७५ चं आहे. जहाजांची मोठी वाट ओलांडायची होती. एक कंटेनरचं जहाज येत होतं, लांबून ते जागचं हललंय असं वाटेना. मित्राने घड्याळ बघितलं, शीड सैल सोडलं आणि त्याला पुढे जाऊ दिलं. जवळून गेलं तेव्हा आमच्या कीर्तिमंदिराच्या शिखराएवढं उंच वाटलं. मी विचारलं, शिडाला आधी वाट असते ना? तो म्हणाला, मोकळ्या समुद्रात असते, त्याच्या वाटेत नाही, त्याला थांबता येत नाही.

मग त्याने सुकाणूचा दांडा माझ्या हातात दिला. डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते. पहिली दहा मिनिटं मी उलटंच करत होते. मग त्याने शिडावर चिकटवलेले लोकरीचे धागे दाखवले. वीतभर लांबीचे, लाल, शिडाच्या दोन्ही अंगांना. ‘दोन्ही धागे मागे सरळ उडत असले तर वारा शिडाला नीट चाटून जातोय. आतला फडफडला तर दांडा एवढासा हलव.’ स्वेटरची लोकर होती ती, त्याच्या बायकोने विणकामातून उरलेली दिली होती. पुढचा तासभर मी त्या दोन धाग्यांशिवाय दुसरं काही बघितलं नाही. एक खाली लोंबायला लागायचा, मी दांडा बोटभर ओढायची, तो उठून परत मागे सरळ व्हायचा. मुलांना गणित समजतं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते माझ्या चेहऱ्यावर आलं असणार, कारण नवरा माझ्याकडे बघून हसत होता.

साडेअकराला वारा पडला. अगदी पडला. शीड लोंबायला लागलं, बूम इकडून तिकडे आपटायला लागली, आणि खालून येणाऱ्या लाटेवर बोट नुसती डुलायला लागली. खांदेरी समोर दिसत होती, तट आणि दीपगृह दोन्ही. नेमका तेव्हाच नवरा डबा काढायला खाली केबिनमध्ये गेला. खलाशीकाका, तुम्ही लिहिलं होतं, मी वाचूनही दाखवलं होतं. वर आला तो पांढरा होऊन. पुढचा पाऊण तास त्याचा वाईट गेला, आणि मला त्याच्या पाठीवरून हात फिरवण्यापलीकडे काही करता येईना.

साडेबाराला वायव्येकडून खारा वारा आला. आधी पाण्यावर काळपट पट्टा दिसला, मग तो आमच्यापर्यंत पोचला आणि शीड भरलं. मला वाटलं, आता खांदेरी! मित्राने बेटाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाला, ‘फिरू या.’ मला वाईट वाटलं, तोंडावर दिसलं असेल. तो म्हणाला, हा वारा तिकडे जायला मजेत नेईल, पण परत येताना हाच समोरून लागेल, आणि दुपारी वाढेल. आता फिरलो तर भरती आपल्याबरोबर आहे. तासाभराने फिरलो तर उजेड आपल्याबरोबर नाही.

परतीचं शीड वेगळंच असतं हो. वारा तोंडावर, दोऱ्या ताणलेल्या, बोट एका अंगावर आणि नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, पाण्याचे शिंतोडे. वाऱ्याच्या सरळ तोंडावर शिडाने जाता येत नाही, अर्ध्या काटकोनाएवढं तिरकं राहावं लागतं. आमची बोट जेमतेम उत्तरेला तोंड धरत होती आणि लाटा करंजाच्या, म्हणजे किनाऱ्याच्या, बाजूला ढकलत होत्या. म्हणून मधूनमधून पलटी मारून, म्हणजे बोट वळवून शीड दुसऱ्या अंगाला घेऊन, बाहेर समुद्राकडे जायचं आणि परत आत यायचं. प्रत्येक पलटीला ‘डोकं!’ अशी आरोळी. पोहेसाहेब, तुमच्या मुलीला माझा आशीर्वाद सांगा.

आणि मग टोपी पडली. नवऱ्याची, पांढरी. एका झोताने उडाली आणि मागे पाण्यात. मी म्हटलं, जाऊ दे. मित्राचा आवाज एकदम बदलला. ‘माणूस पडला समज. तू टोपीकडे बोट दाखव आणि नजर काढू नकोस. माझ्याशीही बोलायचं नाही.’ मी उभी राहिले, एका हाताने दोर धरला आणि दुसऱ्या हाताने टोपी दाखवत राहिले. बोट वळायला लागली तेव्हा टोपी माझ्या डावीकडून मागे, मग उजवीकडे गेली. लाट आली की ती दिसायची नाही. दिसायची, नाहीशी व्हायची. पहिल्या खेपेला शिडात वारा राहिला आणि आम्ही तिच्या बाजूने वेगात निघून गेलो, चार हातांवरून. दुसऱ्या खेपेला त्याने खालच्या अंगाने येऊन शीड फडफडत सोडलं, बोट जवळजवळ थांबली आणि भागीदाराने हुकाने टोपी उचलली. उजेड होता, सगळे शुद्धीवर होते, आणि तरी दोन खेपा लागल्या.

नंतर बराच वेळ कोणी बोललं नाही. मी माझ्या जॅकेटचा छातीवरचा पट्टा चाचपून बघितला. नवऱ्यानेही बघितला, मला दिसलं. मग त्याने सुकाणू मागितलं. खलाशीकाका, तुमचं म्हणणं खरं निघालं. दांडा हातात आल्यावर त्याची मळमळ गेली, आणि प्राँग्जपासून आतपर्यंत बोट त्याने आणली. मी शिडाची दोरी धरून होते. तो हळूच म्हणायचा, ‘थोडी ओढ,’ मी ओढायची. लग्नाला १७ वर्षं झाली. इतका वेळ इतक्या कमी शब्दांत आम्ही एकमेकांबरोबर कधी काम केलं नव्हतं.

पाचच्या आधी जागेवर आलो.

थळचा_नाखवा

ताई, वाचताना अंगावर शहारे आले. तुमच्या मित्राला थळच्या माणसाचा रामराम सांगा. दिसणारं बेट सोडून फिरायला मन घट्ट लागतं. बाप सांगायचा, परतीचं पाणी बघून पुढे जावं. एक सुचवतो, थळच्या बाजूला गेलात तर डोलीच्या जाळ्यांचे बोये तरंगत असतात, इंजिन चालू असेल तर त्यांच्यापासून लांब राहा. जाळं पंख्यात गेलं की तुमचंही नुकसान, कोळ्याचंही.

विश्वामित्रीकाठी

टोपीचा परिच्छेद मी दोनदा वाचला. दहावीच्या मुलांना वाचून दाखवू का?

रावपुरेकरीण

नक्की दाखवा, बाई.

मकरपुरा_मेकॅनिक

धागालेखिकेने प्रश्न विचारला होता, जावं का. लाँचबद्दल माझं मत काय होतं ते वर आहेच. आता त्या लोकरीच्या धाग्यांबद्दल विचारतो. लाल रंगच का? आणि शिडाच्या कुठल्या भागात लावतात, पुढच्या कडेजवळ की मागे?

इंदूरी_पोहे

मुलगी सांगते, पुढच्या शिडाला पुढच्या कडेजवळ, मोठ्या शिडाला मागच्या कडेला. रंग कुठलाही चालतो, शिडावर उठून दिसला पाहिजे. मेकॅनिकभाऊ, उन्हाळ्यात भोपाळला या.

रावपुरेकर (नवीन सदस्य)

नमस्कार. तो पांढरा झालेला नवरा मी. टोपी वाळवून खुंटीला लावली आहे. हे खातं उघडलं ते एका कामासाठी. आईने सगळा धागा माझ्याकडून वाचून घेतला. आता तिला भरती येताना डोळ्यांनी बघायची आहे. मुंबईपर्यंत तिला झेपणार नाही. म्हणून कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाला नेतो आहे, भरतीत शिवलिंग पाण्याखाली जातं ते. नाखवा, तिथेही तिथीची पाऊणपट चालेल का?

थळचा_नाखवा

नाही चालणार, दादा. तो हिशेब मुंबई-कोकणचा. खंभातच्या आखातात पाणी खालून वर चढत येतं, त्यामुळे भरती उशिरा. आणि आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातं, म्हणून पाणी चढतं ते किती! मुंबईला उधाणाला चार-पाच मीटरचा फरक, तिथे वरच्या भागात दहा मीटरच्या पुढे. भरतीच्या वेळांचं पत्रक देवळात मिळतं, तेच धरा. आणि पाणी यायला लागलं की पुजारी सांगतील तेव्हा लगेच मागे या, फोटोसाठी थांबू नका. ते पाणी चालत येत नाही, धावत येतं.

रावपुरेकर

समजलं. येत्या रविवारी निघतोय. आई, आम्ही दोघं आणि विश्वामित्रीकाठी बाई. गाडीत एक जागा आहे.

सेवउसळ

मी येतो. लीलो चिवडो आणि थेपले माझ्याकडे. किती वाजता निघायचं?